कोयत्याचं म्यान

धुळू झोरे दाजीपूरहून एस.टी.नं आला
कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून,
वर सायकलच्या ट्यूबचे दोन वेढे.
कंडक्टरनं म्हणे दोनदा विचारलं, आत काय हाय?
"फणस कापायचा चाकू," हा म्हणाला.
सुभाषनगरात माझ्या पायरीवर त्यानं तो उघडला
आणि पायताणांच्या ढिगावर दुपार चमकली.

"म्यान पायजे. नायलॉनचं नको.
भाच्यानं आणलंतं एक, चेनवालं.
पहिल्याच चढाला पात्यानं बूड फाडलं,
मांडी वाचली ती विजारीच्या घडीनं."

मी आजवर पायांची मापं घेतली,
दाताचं माप पहिल्यांदाच.
जाड कातडं, बाभळीच्या सालीत मुरलेलं,
रात्रभर भिजवलं.
पातं तेलानं माखून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलं,
वर कातडं ओढलं, कपड्यांचे चिमटे लावले.
ओलं कातडं ऐकतं.
वाळलं की आपल्याला ऐकवतं.
धारेच्या कडेला दोन थरांत एक पट्टी सारली,
म्हणजे धार पट्टीला भिडेल, टाक्याला नाही.
शिवली वादीनं. टोकाला मसुराएवढं भोक.
"हितं चुकलं जणू?"
"पाणी कुठनं जायचं मग?
तुमच्यात पाऊस पडतोय का थट्टा?"

पैसे कमी पडले.
"उरल्यालं रानात देतो," म्हणाला. "या."

भाद्रपदात गेले.
पाठीवर राजारामपुरीतून घेतलेली नवी सॅक, अठरा कप्प्यांची.
त्यानं ती उचलून पाहिली, खाली ठेवली.
"काडीपेटी काढा."
मी काढत राहिले. तिसऱ्या कप्प्यात मोजे,
नवव्यात शिट्टी, चौदाव्यात पुन्हा मोजे.
तोवर ऐनाच्या खोडांत अंधार उतरला.
"अंधारात हाताला गावत न्हाई
ते घरीच राहिलं म्हणायचं."

मग उरलेली रक्कम फेडायला लागला.
पडलेलं लाकूड उचलू नका, ते भुईचं पाणी पितं,
उभं वाळलेलं मोडा. मोडताना कट्ट वाजलं तर घ्या,
नुसतं वाकलं तर ऱ्हाऊ द्या.
सालीखालचं भिजतं, गाभा भिजत न्हाई,
म्हणून उभं चिरा.
कोयता जिथं थांबणार तिथं आपला पाय नको.
जळू लागली तर उपसू नका,
तंबाखूचं पाणी, न्हाईतर धीर.
पाल ठोकायच्या आधी वर बघा,
मेलेली फांदी सांगून पडत न्हाई.
आणि ही गवत दबलेली वाट गव्याची.
तो रस्ता बदलणार न्हाई, तुम्ही बदला.

पालाची दोरी तुटली तेव्हा मात्र
तो नुसता उभा राहिला.
मी कुंभ्याची साल सोलून मागितली,
तीन पदर घेतले आणि बसले.
चपलेच्या वेणीला हात चालतो तसा
अंधारातही चालला.
ती रात्रभर टिकली. तो काही बोलला नाही,
सकाळी मात्र सोडून खिशात घातली.

आग मला साधली नाही.
चार वेळा धूर, डोळ्यांत पाणी,
गारगोटीनं अंगठा सोलला.
पाचव्या वेळी त्यानं चंचीतून
पानटपरीवरचा लाल लायटर काढला, पेटवून दिलं.
"आणि ही चकमक?"
"ही लायटर संपल्यावर. तुम्हाला येवढी घाई का?"

झोपताना त्यानं कोयता म्यानातून बाहेर काढला,
करंजेल लावून आढ्याला खोचला.
"रातभर आत ठेवू नये. कातडं घाम गाळतंय,
पातं तांबडं हुतंय."
वीस वर्षं कातडं हाताळते मी.
हे मला ठाऊक नव्हतं.

म्यान खुंटीला रिकामं लोंबत होतं.
मसुराएवढ्या भोकातून
थेंब गळायचा, थांबायचा, परत जमायचा.
मोजता मोजता डोळा लागला.

माझ्या वहीत त्याच्या नावावर सत्तर रुपये आहेत अजून.
खोडले नाहीत.