शाळा सोडल्याचा दाखला

अहिरराव भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं
तेव्हा पंखा बंद होता, कागद उडू नयेत म्हणून.
बाहेर सातपूरचा भोंगा झाला.
दुसऱ्या पाळीची माणसं गेटाकडे निघाली असतील,
त्यांत डबा लटकावलेले माझे बाबा.

"नाव?"
दहा वर्षं ओळखतात, तरी विचारलं.
मीही अख्खं सांगितलं: हर्षला दशरथ भोये.
पहिल्यांदाच वाटलं, आपलं नाव लांब आहे.

जन्मतारीख: एक जून.
खरी कुणालाच ठाऊक नाही.
आई म्हणते, पेठला नागलीची लावणी चालली होती.
बाबा म्हणतात, छे, लावणी उरकली होती.
दोघांचं भांडण मिटेना म्हणून पगार बाईंनी
पहिलीच्या फॉर्मवर एक जून टाकून दिला.
आमच्या वर्गात एक जूनचे एकोणीस जण.
एवढी जुळी भावंडं
एका बाकावर तिघं तिघं बसून वाढली.

(पगार बाई नावाला जागायच्या,
महिन्यातून एकदाच हसायच्या.
त्या दिवशी आम्ही पाढे चुकलो तरी चालायचं.)

वर्तणूक: चांगली.
सगळ्यांचीच चांगली. भाग्येश बोराडेचीसुद्धा,
ज्यानं तीन तावदानं फोडली.
चौथंही त्याच्याच नावावर आहे.
ते मी फोडलं होतं.
आज सांगावं म्हणून तोंड उघडलं,
तर भाऊसाहेब शाईवर फुंकर घालत होते.

शेरा: तिथे नुसती आडवी रेघ.
त्या रेघेखाली कायकाय गेलं.
गंगेला पूर आला की कुणीतरी ओरडत यायचं,
"दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं!"
कमरेला म्हणजे अर्धी सुट्टी, गळ्याला म्हणजे पूर्ण.
इतक्या लांब सातपुरात बसून
आम्ही देवाच्या गळ्यापर्यंत पाणी यायची वाट बघायचो.
आणि बोर्डाच्या परीक्षेला
तहसीनच्या अब्बांच्या टेम्पोतून गळालेले द्राक्षांचे मणी,
वर्गाबाहेर उभ्यानं खाल्लेले.
माझ्या भूमितीच्या पेपरावर एक थेंब सांडला.
परीक्षकानं तो कुठला बिंदू धरला असेल?
दीडशेपैकी एकशे सहा पडले. धरला असावा.

"पुढे काय?" भाऊसाहेबांनी शिक्का शोधत विचारलं.
हे हल्ली सगळेच विचारतात,
चहा घेणार का विचारावं तसं.
भाग्येशचं ठरलंय, आयटीआय, टर्नर.
तहसीनचं ठरलंय, ती सांगत नाही.
माझं रोज सकाळी एक ठरतं
आणि बाबा पाळीवरून आले की दुसरं.
त्यांच्या हाताला कूलंटचा वास येतो.
ते म्हणतात, तू फक्त बसून करायचं काम बघ.
मला मात्र बसून बसून कंटाळा आलाय,
दहा वर्षं बसलेच होते की.

मग मारुतीची आठवण झाली.
एक तोंड पुराकडे, एक पाठीमागे,
आणि पाय जागच्या जागी.
त्याला बरं, कुठे जायचं नसतं.

शिक्का उमटला, जरा तिरका.
शाळा सोडण्याचे कारण: दहावी उत्तीर्ण.
मी विचारलं, "कारण एवढंच?"
भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं.
"बाई, रकाना केवढा आहे बघ.
आणि हा जपून ठेव. मूळ प्रत एकदाच मिळते,
हरवली तर दुय्यम, तीही प्रतिज्ञापत्रावर."

त्र्यंबक रोडच्या कोपऱ्यावर झेरॉक्सवाल्यानं
झाकण उघडून दाखला पालथा घातला.
फटीतून हिरवा उजेड
एका टोकाकडून दुसरीकडे सरकत गेला,
मोजून चार सेकंद.
"किती काढू?"
किती लागतील, मला काय माहीत.
"पाच," मी म्हटलं. मग म्हटलं, "दहा."
कागद हातात आले तेव्हा गरम होते.
बस येईपर्यंत मी ते
पोटाशी धरून उभी राहिले.