कडबी चौकात बंद पडते

नवतपाचा चौथा दिवस, दुपारचे अडीच.
ऑटोमोटिव्ह चौकात डांबर चपलेला चिकटून राह्यलं
आणि धाबेकर सरांची मारुती येते ढकलत.
मागं दोन पोरं, स्टेअरिंगवर सर,
शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

"कडबी चौकात बंद पडते जी. सिग्नलला.
जरा थंडावली की आपोआप सुरू."

गाडी ब्याण्णवची. रंग मुळात पांढरा.
आजवर काय काय बदललं त्याची यादी सरांनी आणलीय,
तारीखवार, लाल शाईनं अधोरेखित.
बॅटरी. कॉइल. पॉइंट. पुन्हा बॅटरी.
सदरवाल्यानं स्टार्टर खोलून बांधला,
जरीपटक्यातल्यानं पेट्रोलवर ढकललं.
मी वाचतो, घडी करून परत देतो.
जे जे बदललं ते बिचारं चांगलं होतं.

मी आधी काहीच खोलत नाही.
हेडलाइट लावून हॉर्न दाबतो.
खणखणीत. म्हणजे बॅटरी खोटं बोलत नाही.
मग माझा दिवा, एक होल्डर अन् दोन वायरी,
बत्तीस वर्षांत बल्ब तेवढे बदलले.
एक टोक बॉडीला, एक कॉइलच्या तोंडाशी.
"सर, चावी ऑन करा."
बल्ब लागतो,
पण कावीळ झाल्यासारखा.
"आता स्टार्ट."
इंजिन पहिल्याच फेऱ्यात पकडतं.
"सोडा."
मरतं.
"पुन्हा."
पकडतं. "सोडा." मरतं.
स्टार्टवरून चावी ऑनवर परत येते,
तिच्यासोबत करंट परत येत नाही.

खिडकीतून हात घालून मी चाव्यांचा जुडगा
तळहातावर उचलून धरतो.
नुसता उचलतो. फिरवत नाही.
बल्ब पांढराफेक.
हात काढला, पिवळा.
उचलला, पांढरा.
सर बल्बकडे पाहत नाहीत,
माझ्या तळहाताकडे पाहतात.

पाव किलो तरी असेल.
गाडीची चावी एक, बाकीच्या चौदा,
पितळी, लोखंडी, एक तर बोटभर लांब,
तिला कापडी पट्टी, पट्टीवर बोरूचं अक्षर: प्रयोगशाळा.

"एवढं काहून लटकवता सर?
रोज खाली ओढून ओढून आतली पत्री झिजली."
"शाळेच्या आहेत."
"रिटायर होऊन किती झाले?"
"मला अकरा वर्षं. शाळेला चार."
"मग जमा नाही केल्या?"
"गेलो होतो ना. घ्यायला कोणी राह्यलं नव्हतं.
आता तिथं लग्नाचं लॉन आहे.
फाटकाला कुलूपच नाही, बटण आहे."

मी स्टेअरिंगखालचं कव्हर काढतो.
स्विचचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं,
एक पाय वितळून वाकडा, पत्री काळी.
सर चष्मा कपाळावर सरकवून वाकतात, वास घेतात.
"रोध वाढला की उष्णता वाढते,
उष्णता वाढली की रोध.
नववीला शिकवायचो मी हे.
परीक्षेत दोन मार्कांना यायचं."
मग त्या जळक्या तुकड्याला बोट लावून,
बोट शर्टाला न पुसता
तसंच धरून उभे.

कुलूप तेच ठेवलं, मागचा स्विच बदलला.
साडेसहाशेचा माल, दीडशे माझे.
सरांनी यादी काढली, खाली आजची तारीख घातली,
'इग्निशन स्विच' लिहिलं, आणि अधोरेखित नाही केलं.

एकटी चावी. फिरवली. सोडली.
इंजिन चालूच.
सर दोन मिनिटं नुसते बसून ऐकत राहिले,
कूलरची फडफड, ट्रकचे हॉर्न, यांच्याखाली ते.

जुडगा आधी डॅशबोर्डवर ठेवला,
तिथून सीटवर,
मग उचलून शर्टाच्या खिशात.
गाडी कडबी चौकाकडे निघाली तेव्हा
खिडकीतून दिसला तो खिसा,
एका अंगाला ओढला गेलेला.

तिथली शिवण जाईल कधीतरी.
ते काम माझ्याकडे येत नाही.