उप्पू

दर अठ्ठावीस दिवसांनी उद्यमबागेतून अर्धी सुट्टी.
मालक कार्डावर ‘हाफ डे’ लिहितो, विचारत नाही.
मोटारींचं वाइंडिंग करते मी, सतरा वर्षं.
तांब्याच्या तारेवरचं वार्निश नखाला कळतं,
कुठं खरवडलंय, कुठं उद्या जळणार.
म्हणून डॉक्टर मुतगेकरांना फार सांगावं लागलं नाही.
नसांवरचं आवरण गेलंय, म्हणाले.
शॉर्ट होतंय, म्हटलं मी.
होय की, म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

खरवडणारे मात्र बाहेरचे नव्हते,
माझ्याच रक्तातले राखणदार.
चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी रेघ मारली:
अलीकडं रक्त, पलीकडं मेंदू,
औषध रेघेवर उभं राहून त्यांना अडवणार.
आमच्याकडं कागदावरच्या रेघेला
कुणी लगेच मान डोलावत नाही.
मी विचारलं, मग पलीकडं खरंच चोर शिरला तर?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
तेच सांगायचंय, म्हणाले.

पुष्कळांच्या अंगात निजलेला असतो एक विषाणू.
राखण उठली की जागा होऊ शकतो.
क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.
म्हणून सहा महिन्यांनी रक्त, कुरियरनं बेंगळूरला.
म्हणून डोक्याचा फोटो, त्या ठणठणत्या नळकांड्यात.
म्हणून परशरामला समोर बसवून:
हिच्याआधी तुम्हाला कळेल.
शब्द चुकेल, हात चुकेल, वागणं वेगळं वाटेल.
वाट बघायची नाही. फोन करायचा.

तेव्हापासून नवरा माझ्याकडं असा बघतो
जशी मी नव्या बांधलेल्या मोटारीकडं,
पहिल्यांदा चालवताना, बोट स्विचवर ठेवून.

सलाईनच्या खोलीत सिस्टर महानंदा विचारते,
ह्यांग अदीरी?
आराम, म्हणते मी. तिला तेवढं पुरत नाही.
ताप? खोकला? दिसायला काही? जिना चढलात?
बाटली थंड पेटीतून काढते, उजेडाला धरते, हलवत नाही.
तारीख वाचते. माझं नाव मलाच विचारते,
जशी मी आजच आले.
सुगंधा परशराम कंग्राळकर, सांगते मी, दर वेळी.
एक तास थेंबांचा.
पुढचा तास नुसता बसायचा,
अंगावर गांधी उठतात का, श्वास अडतो का.
सुरुवातीला बस चुकेल म्हणून जीव खाली-वर.
आता डबा आणते.

चौदाव्या सलाईननंतरच्या मंगळवारी, जेवताना,
मी म्हटलं, जरा उप्पू दे.
परशरामचा हात हवेतच राहिला.
काय म्हणालीस?
उप्पू.
मीठ म्हण.
मीठ, म्हटलं.
आणि मलाच कळेना, हा शब्द आला कुठून,
शेजारच्या गंगव्वाच्या ओट्यावरून,
कारखान्यातल्या डब्यांतून,
की त्या रेघेपलीकडून.

रात्री साडेनऊला त्यानं फोन लावला.
महानंदा हसली नाही. आधी प्रश्न.
वार कोणता? डोळे मिटून दोन्ही हात वर.
पेपरातली एक ओळ वाचायला लावली:
राकसकोपच्या पाण्याची पातळी, फूट, इंच.
सगळं बरोबर उतरलं, मग हसली:
अहो, असं धरलं तर
अख्खं बेळगाव ॲडमिट करावं लागेल.
आणि मग, दुसऱ्याच आवाजात,
तरी सकाळी घेऊन या.

नेलं. नवा फोटो जुन्याशेजारी लावून बघितला.
जुनेच डाग, जागच्या जागी.
आठवड्यानं रक्ताचा आकडा आला, किंचित चढलेला.
पुन्हा तपासू, डॉक्टर म्हणाले,
चढतच राहिला तर औषध बदलू. याला चिकटून राहायचं नाही.

परतताना तिसऱ्या गेटला फाटक पडलेलं.
मालगाडी जाईजाईना.
परशरामनं स्कूटर बंद केली, खिशातून
माझी सलाईनची वही काढली.
ताकाला काय म्हणतेस तू?
कधी ताक. कधी मज्जिगी.
तांदळाला?
अक्की, कारखान्यात. घरी तांदूळ.
लिहून ठेवतो, म्हणाला,
यातले तुझे कुठले ते कळायला हवेत मला.
आणि पहिल्या ओळीवर, फाटक उघडलं तरी,
मागचे हॉर्न वाजवत असताना,
सावकाश अक्षरात:
उप्पू. हिचाच.