रेघ

शेणाला आमच्याकडं किती नावं.
पो, गवरी, सडा, सारवण.
शेळीची लेंडी, घोड्याची लीद, कोंबडीची शीट.
बोंडीनं सीताफळाखाली जे करून ठेवलं
त्याला नुसतं घाण म्हणायचं
आणि दुसरीकडं पाहायचं.
न सारवायच्या कामाचं, न थापायच्या.
वाळेल आपोआप, म्हणत
दोन वर्षं मी त्याला वळसा घालून
धुणं वाळत घातलं.

मग तान्ह्या पोळ्याला सुगत
लाकडी बैल ओढत अनवाणी फिरला.
बैलाला तहान लागली म्हणून
त्याला न्हाणीमागं घेऊन गेला,
जिथं मोरीचं पाणी मुरतं
आणि माती कधीच सुकत नाही.
पाचव्या दिवशी तळव्याच्या कडेला
लाल रेघ. दोऱ्याएवढी. वाकडी.

निर्गुणाबाई म्हणाली, नागीण व माय,
तोंडाले शेपूट मिळू देऊ नको.
मी रोज रात्री मोबाईलच्या उजेडात
रेघ संपते तिथं बॉलपेनानं टिंब द्यायची.
सकाळी ती टिंबाच्या पुढं गेलेली,
कधी तिळाएवढी, कधी तांदळाएवढी.
पोरगं झोपेतही
खाटेच्या काथ्यावर पाय घाशी.

दारव्ह्याला डॉक्टर उईके बाईंनी
चष्मा वर करून पाय पाहिला
आणि विचारलं, कुत्रं आहे काय घरी?
आहे, पण कोणाला चावत नाही, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
आमच्याकडचं ऊन, मॅडम,
बैल बसतात त्यात, अळी काय जगते?
ऊन उघड्यावर मारतं, त्या म्हणाल्या.
तुमच्या न्हाणीमागं ते कधी येतं?

घरी आले तेव्हा तुराट्यांच्या ढिगाआड
बोंडी आडवी पडली होती,
चार पिल्लं लुचत होती.
दुधातूनही उतरतात जंत,
पशुदवाखान्यातल्या ढोके साहेबांनी सांगितलं,
दोन आठवड्यांची झाली की औषध,
पुन्हा दोन आठवड्यांनी पुन्हा,
आणि आईलाही.
ती एकेकाला चाटत होती, डोळे मिटून.
काय काय देऊन बसतो आपण
माहीत नसताना, दुधासोबत.
गोळी तिनं भाकरीतून थुंकली, गुळातून थुंकली.
सुकटीच्या डोक्यात घातली तेव्हा गिळली
आणि आणखी मागायला आली.

खुरपं न् फुटकं टोपलं घेऊन निघाले
तर हे ओट्यावरून म्हणाले,
आज्यानं गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं,
अन् तू हे उचलतं?
मी थांबले. आज्याचा फोटो आत भिंतीवर,
त्याच्याकडं पाठ करून बोलणं बरं नव्हतं.
ते गावाचं होतं, म्हटलं.
हे माझ्या आंगणातलं. माझ्या कुत्रीचं.
माझ्या पोराच्या पायाखालचं.
ते काही बोलले नाहीत.
सकाळी उठून पाहते
तर विहिरीपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात
कमरेएवढा खड्डा,
बाजूला राखेची बादली, चुन्याची पुडी.
उकिरड्यावर टाकू नको, इतकंच म्हणाले,
ते खत वांग्यात जाते.

मोरीला नळी जोडून पाणी केळीत काढलं.
न्हाणीमागं माती पहिल्यांदा भेगाळली
तेव्हा मला चक्क बरं वाटलं.
एक दिवस चुकला तर चालतो म्हणे,
अंड्यांना पिकायला दिवस लागतात.
मी चुकवत नाही.
आळस पिकायला एक दिवसही पुरतो.

रेघ औषधानं थांबली,
शेवटच्या टिंबाच्या अलीकडंच.
आता त्या जागी काही नाही,
तरी आंघोळ घालताना
माझा अंगठा तिथंच जातो.

यंदा पोळ्याच्या पाडव्याला, उजाडता उजाडता,
पोरं रस्त्यानं ओरडत गेली,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
मी सीताफळाखाली वाकलेली.
खुरप्यावर जे होतं ते रात्रीचं, ओलं.
मारबत वेशीबाहेर पोचली असेल.
हे तिच्या हाती देता येत नाही.

मागं सुगत चपला शोधत होता.
एक सापडली.
दुसरी बोंडीनं कुठंतरी नेली होती.