इतिवृत्त

रविवार, सकाळी साडेदहा. उंड्री, क्लब हाऊस.
कोरम नव्हता म्हणून सभा अर्धा तास तहकूब,
मग त्याच सतरा जणांचा कोरम झाला.

विषय क्रमांक तीन : गेटजवळचा नळ.

श्री. रेणावीकर म्हणाले, टँकर आता दिवसाला अकरा,
आणि शेजारच्या साइटवरची माणसं
आपल्या नळावर कॅन भरतात. निळे, वीस लिटरचे.
त्यांनी मोजलेत. गॅलरीतून, तीन दिवस, वहीत.
('वहीत' लिहिलं आणि खोडलं.)

श्री. खासनीस म्हणाले, प्रश्न नळाचा नाही, देशाचा आहे.
कार्ड काय, कुठंही मिळतं.
ही माणसं मालदाची की पलीकडची, कोण सांगणार?
धरणं चार. ती काही विणार नाहीत.
हशा.
मी 'हशा' लिहिलं नाही.

थोपटे आबा शेवटच्या खुर्चीत,
मूळ जमीनमालक म्हणून दोन फ्लॅट मिळालेले.
म्हणाले, बी विंगच्या पार्किंगखाली आमची हीर हाय.
तुमी आलात तवा आमी बी असंच मोजत हुतो,
रोज किती टेम्पो उतरत्यात त्ये.
अध्यक्ष म्हणाले, आबा, विषयाला धरून.

सौ. निगुडकरांचा मुलगा टोरांटोला.
तिथंही म्हणे हल्ली घरभाड्यावरून आपल्या पोरांना
एवढं बोलून त्या थांबल्या, चष्मा पुसला.
विषयाला धरून नसल्याने नोंद घेतली नाही.

मी सचिव. बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.
अक्षर चांगलं आहे माझं.
उमरग्याहून आले तेव्हा कर्वेनगरात
खोली दाखवता दाखवता मालकीणबाईंनी विचारलं होतं,
तुमच्याकडचे लोक पाणी फार सांडतात का हो?
आमच्याकडचे.
जिथं तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला
आणि अंघोळीचं कढीपत्त्याला.
मी म्हणाले होते, नाही हो.
'न्हाई' नव्हे, 'नाही'. आरशासमोर घोटलेला.
आज सभेत बोलावंसं वाटलं तर तोच तोंडात आला,
गुळगुळीत. गिळला.

आणि हेही नोंदीत नाही :
गेल्या मंगळवारी सातव्या मजल्यावर पाणी चढलं नाही.
भांडी तशीच, सासूबाईंची ओली चादर तशीच,
आणि खिडकीतून ते निळे कॅन दिसले तेव्हा
माझ्या मनात जे आलं
ते खासनीसांनी उघड बोलून दाखवलं नसतं.

ठराव : नळाला कुलूप लावणे.
सूचक, अनुमोदक, विरोधात कोणी नाही.
आबांनी हात वर केला होता,
पण तो चहासाठी, असं अध्यक्ष म्हणाले.
किल्ली सचिवांकडे.

कुलूप धनबहादूरनं आणलं, कोपऱ्यावरून, एकशे चाळीसचं.
त्यानंच बसवलं. गुडघ्यावर बसून
साखळी दोनदा गुंडाळली, ओढून बघितली,
वर न बघता विचारलं,
मॅडम, हमारे लिए भी?
बारा वर्षं गेटवर आहे. गाव बझांगकडे कुठंतरी,
दर दिवाळीला चार दिवस लागतात पोचायला.
मी म्हणाले, बघते.
हाही शब्द मी इथंच शिकले.

आता रात्रीचे सव्वाअकरा.
मसुदा उद्या नोटीस बोर्डावर लावायचा आहे.
किल्ली मिसळणाच्या डब्यामागे, सध्यापुरती.
आभार प्रदर्शन झालं, सभा संपली, इथवर लिहून झालंय.

राहता राहिला वॉशर.
नळाचा वॉशर केव्हाच गेलाय, कुलूप नवं असलं तरी.
संध्याकाळी दूध आणायला उतरले तर
साखळीखाली कुणीतरी पातेलं ठेवलेलं,
कानाला चेंबलेलं, निम्म्याच्या वर भरलेलं.
आसपास कुणी नव्हतं.
धनबहादूर रजिस्टरमध्ये मान घालून बसला होता.

मी वळसा घालून गेले.