सुपडूसाठी, अडखळत

तुझ्या आधीची दोघं पाळण्यातच गेली,
म्हणून तू जन्मलास तसं मायने तुला सुपात घातलं,
उंबऱ्यावरून अंगणात ओढलं,
शेजारच्या गोदाबाईला देऊन टाकलं
आणि सव्वा शेर ज्वारी मोजून परत विकत घेतलं.
मरणाने बघावं आणि म्हणावं,
हा तर कोंडा, पाखडून टाकलेला.
फसलं ते.
पंचावन्न वर्षं फसलं.

मी नंतरचा. तोवर भीती सरली होती,
मला चांगलं नाव मिळालं: प्रभाकर.
त्यातला पहिला प्र मला ओलांडता येईना.
हजेरीला मी प् प् करत उभा, पोरं खिदळायची,
आणि त्याच खोलीत, चौथीच्या रांगेतून
तू ओरडायचास,
"परभाकर हाये तो, लिहा ना गुर्जी!"
हजेरी माझी लागायची, छडी तुला.

वाण्याच्या दुकानात मी गु... गु... वर अडकलो
की तू खुशाल म्हणायचास, "गोळ्या. लिमलेटच्या."
घरी गूळ नाही, आणि दोघांच्या जिभा केशरी.
तो मारही आपण अर्धा-अर्धा खाल्ला.

तुझा सदरा मला यायचा, केळीच्या चिकाच्या डागांसकट.
माय घासघासून थकायची. चीक जात नाही.
मी कितीतरी वर्षं
तुझे डाग घालून हिंडलो
फैजपूरच्या बाजारात, मोर नदीच्या वाळूत,
आणि कुणी विचारलं, हे कुठं पडले रे,
तर सांगायला तू होतासच.

पुढे मी भुसावळला, हिशेबाच्या कचेरीत,
जिथे दिवसभर नुसते आकडे. बोलावं लागत नाही.
रात्री तुझा फोन. दोन्हीकडचं तूच बोलायचास:
"कसा हाये? बरा हाये. जेवला का? जेवला.
मंग ठेवू? ठेव."
मुलगी बघायलाही तूच बोललास,
कोकिळा अजून म्हणते,
मला तर वाटलं, नवरा हाच.

मागच्या पौषात पहाटे तीनला लाइट आली
आणि तू मोटर लावायला गेलास.
मोटर चालूच राहिली.
पाणी केळी भिजवून, बांध फोडून
भालोदच्या रस्त्यावर आलं
तेव्हा दूधवाल्याला कळलं
की शेतात कुणीतरी असायला हवं होतं.

दहाव्याला तापीवर कावळा शिवेना.
झाडावर बसून मान वाकडी करून बघत राहिला.
एकेकाने वचनं दिली,
पोरीचं लग्न आम्ही करू, विहिरीचा वाटा तसाच ठेवू.
नाही आला. मग मला पुढे ढकललं,
भाऊ तू, तू बोल.
मी हात जोडले. म्हणालो, सु... सुप...
आणि तो खाली आला.
सगळे म्हणाले, भावाचा जीव.
मला मात्र हसू फुटलं त्या घाटावर, भर उन्हात,
लोकांनी ते रडणं समजून मला धरलं.
जन्मात एकदा तरी
माझं वाक्य मला पुरं करू द्यायचं होतंस.

यंदाही तुझ्या मळ्यात भरताची वांगी भाजली,
तुरकाट्यांचा जाळ, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात.
बडगीत ठेचायला तुझा जितू बसला,
तुझ्यासारखाच जीभ दातात धरून.
आणि युवराजने, सवयीने,
घास तळहातावर घेऊन पुढे केला,
"सुपडूभो, मीठ पाह्य बरं."

केळीची पानं तेवढी वाजली.
तो हात तसाच, कुणापुढेही नाही.
मग मीच घास घेतला.
क... क... करत राहिलो,
कुणी शब्द पुरवला नाही,
सगळे थांबले, खरंच थांबले,
आणि मी म्हणालो, कमी आहे.

मीठ कमी नव्हतं.
जितूने चिमूटभर टाकलं.
भरीत खारट झालं.
सगळ्यांनी खाल्लं.