पडदा धुवायला काढलाय

लक्ष्मीपुरीत कामतांच्या हॉटेलात मागच्या अंगाला
एक खोली होती. वर पाटी : फॅमिली.
दाराला हिरवा पडदा, कडेला
वर्षानुवर्षांच्या सांबाराची बोटं.
आत पंखा होता, खिडकी नव्हती.
मी आणि मालन घोरपडे,
दोघी मिळून एक फॅमिली,
विम्याच्या पावत्या टेबलावर पसरून
एका कॉफीची दोन करायचो.
पडद्यापलीकडे उसाचा दर, कुठल्यातरी पेठेनं मारलेला गोल,
बशांचा आवाज, खोकला, हसणं.
सोळा वर्षं आम्ही ते हॉटेल
फक्त कानांनी पाहिलं.

मग एका मंगळवारी पोऱ्या म्हणाला,
"पडदा धुवायला काढलाय, वैनी.
आज भायेरच बसा की."

बसलो.
एका म्हाताऱ्यानं पेपर थोडा वर धरला,
एवढंच झालं.
चारच्या सुमाराला दारातून ऊन आत आलं,
पायऱ्या चढून आल्यासारखं, जरा दमलेलं,
आणि थेट आमच्या बशीत बसलं.
मालन कितीतरी वेळ बशी हलवत राहिली.
कॉफी निवली. तिला म्हटलंही नाही मी, पी म्हणून.

पडदा काही परत आला नाही.
विचारलं की कामत म्हणायचे, धोब्याकडं आहे.

त्यानंतर आम्हाला उन्हाचा नाद लागला.
उद्यमनगरात साडेदहाला,
दोन फौंड्रींच्या मधल्या बोळात
यासीन शिकलगारच्या गाड्यावर ते बरोबर वीस मिनिटं थांबतं.
तो चहाच्याच पातेल्यात कॉफी करतो,
आल्याची चव येते, आम्ही तक्रार सोडून दिली.
स्कूटरच्या सीटवर कप ठेवायचा,
पायाखाली काळी वाळू कुरकुरते.

रंकाळ्यावर डिसेंबरात, सातच्या आत,
मालनचा थर्मास, जायफळ जरा जास्तच.
ऊन पाण्यावर आधी येतं, आपल्यावर मागून.

गंगावेशीत ऊन नसतं, रात्र असते,
तरी एकदा गेलोच.
धारोष्ण दुधाचा पेला हातात आल्यावर
मालननं पर्समधून कॉफीची पुडी काढली.
गवळी बघतच राहिला :
"ताई, म्हशीचा अपमान करताय व्हय?"
तिथं परत जायचं म्हटलं की अजून लाज वाटते.

राजारामपुरीत नवीन काचेचं कॅफे झालंय.
भिंतीवर कुठल्याशा गावाचा फोटो,
पांढरी घरं, निळा समुद्र,
रस्त्यावरच मांडलेल्या खुर्च्या,
आणि आमच्या वयाच्या दोन बाया, पाय लांब करून.
"ह्यांना स्वयंपाक नसतोय काय?" मालन म्हणाली.
मग बारकाईनं बघून :
"ऊन तर आपल्याकडं जास्त आहे की गं."
दाढीवाल्या पोरानं विचारलं, कपावर नाव काय लिहू?
ती म्हणाली, फॅमिली.
त्यानं वेलांटी चुकवली, पण लिहिलं.
तो कागदी कप तिच्या खिडकीत आहे,
त्यात आता ओवा लावलाय.

फिरून फिरून आम्ही कामतांकडंच येतो.
परवा आत डोकावले, पैसे द्यायला.
कामतीणबाई पातेलं उतरवत होत्या,
हातात फडकं, हिरवं,
चौकोनी कापलेलं, कडा नीट दुमडून शिवलेल्या.
शेजारी खुंटीला अजून तसलीच तीन.
मी बघितलं ते त्यांनी बघितलं.
"धुतलं की कापड आटतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मागून मालन :
"काकू, भायेरच बसा की."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.
आल्या. खुर्चीच्या अगदी काठावर टेकल्या,
उठायच्या तयारीत असल्यासारख्या.
ऊन तीन नंबरच्या टेबलावर यायला
अजून पाच-सात मिनिटं होती.
आम्ही कोणी काही बोललो नाही.

आत दुसरं दूध वर यायला लागलं.
गल्ल्यावरून कामत उठले,
आत गेले,
"फडकं कुठाय गं?" म्हणून ओरडले.

ते तिच्या मांडीवर होतं.